भिंतीवर टांगायची गोधडी: कापड उभं लावायचं, आडवं की उरेब?

अंथरुणावर पसरलेल्या गोधडीला स्वतःचं वजन पेलावं लागत नाही, ते काम गादी करते. तीच गोधडी वरच्या कडेने भिंतीवर टांगली की सगळा भार कापडावर येतो. एक मीटर रुंद आणि दीड मीटर उंच, मध्यम जाडीची वॉल हँगिंग घ्या. वरचं सुती कापड, मधला कापसाचा थर आणि अस्तर मिळून चौरस मीटरला चारशे-साडेचारशे ग्रॅम भरतात. जोडांच्या आत दडलेली माया, म्हणजे शिवणीसाठी सोडलेलं जास्तीचं कापड, धरली तर सगळं प्रकरण पाऊण किलोच्या घरात जातं. पाऊण किलो म्हणजे काही फार नाही, पण ते दिवसरात्र, वर्षानुवर्षं एकाच दिशेने ओढत राहतं.

पहिल्या महिन्यात काही कळत नाही. वर्षभराने खालची कड कमानीसारखी दिसू लागते, मधल्या भागाला पोट सुटतं, नाहीतर बाजूच्या पट्ट्या लाटांसारख्या हलतात. मग खिळा वाकडा ठोकला का, टीप सैल पडली का, यावर चर्चा होते. बहुतेक वेळा कारण त्याच्या कितीतरी आधी घडलेलं असतं, कापडावर कात्री चालली तेव्हा.

यावर सर्रास मिळणारा सल्ला असा की प्रत्येक तुकड्याचा उभा धागा, म्हणजे कापडाच्या लांबीत जाणारा, भिंतीवरही उभाच यायला हवा. सल्ला चुकीचा नाही, पण शंभर-दीडशे तुकड्यांच्या कामात तो तंतोतंत पाळायचा म्हणजे निम्मं कापड कातरणात जातं आणि निम्मा उत्साहही. माझं म्हणणं वेगळं आहे. टांगलेल्या कापडात वजन ठरावीक वाटेने वर चढतं. त्या वाटेवरचे भाग कोणते ते ओळखायचं आणि तिथे अजिबात सूट द्यायची नाही. बाकीच्या तुकड्यांना डिझाइन सांगेल तसं वागू द्यायचं.

मागावर काय होतं

विणकर आधी ताणा लावतो, म्हणजे मागाच्या लांबीत शेकडो धागे शेजारीशेजारी घट्ट ताणतो. मग धोट्यातला बाण्याचा धागा त्यांच्या वरखालून आडवा नेतो आणि फणीने ठोकून बसवतो. पूर्ण विणाई होईपर्यंत ताण्याला ओढ आणि फणीचं घासणं दोन्ही सोसावं लागतं. म्हणून त्याचं सूत सहसा जास्त पिळाचं आणि चिवट असतं, वर त्याला खळही लावलेली असते. बहुतेक साध्या सुती कापडात इंचाला ताण्याचे धागे बाण्यापेक्षा जास्त असतात.

बाण्याला एवढी ओढ नसते. तो ताण्याच्या धाग्यांना वळसे घालत नागमोडी जातो. कापड आडवं ओढलं की आधी हे वळसे सरळ होतात, म्हणून आडव्या दिशेला थोडी लवचीक जागा सापडते. उभ्या दिशेचे धागे मुळातच जवळपास सरळ असल्याने तिथे सैल करण्यासारखं फार काही उरलेलं नसतं. उभं कापड कमी ताणतं आणि आडवं जरा जास्त, याचं कारण एवढंच आहे.

तिसरी दिशा उरेब, म्हणजे कापडाच्या चौकोनाचा कर्ण. त्या दिशेला एकही धागा नसतो. जुन्या दुकानांना असतं ते ओढायचं लोखंडी जाळीचं गेट आठवा. त्याच्या पट्ट्या लांब होत नाहीत की आखूड होत नाहीत, फक्त त्यांच्यातला कोन बदलतो आणि गेट फुटाचं पाच फूट होतं. उरेब ओढलेल्या कापडात तेच घडतं. दहा इंचांचा चौकोन घ्या. त्याचा कर्ण साधारण १४.१४ इंच भरतो. धाग्यांमधला कोन ९० अंशांवरून ८० वर आला, तर हाच कर्ण १५.३२ इंच होतो आणि दुसरा कर्ण १२.८६ वर येतो. एकही धागा न ताणता, न तुटता कापड जवळजवळ १.२ इंच लांबलं आणि तेवढंच अरुंदही झालं. दहा अंश ऐकायला खूप वाटतात, पण धुऊन मऊ झालेल्या कापडाला दोन बोटांनी ओढून पाहा, सहज फिरतात.

हा गुण कपड्यांत मात्र हवाहवासा असतो. मादलीन व्हिओने या फ्रेंच ड्रेसमेकरने १९२० आणि ३०च्या दशकांत उरेब कापलेल्या पोशाखांवर नाव कमावलं, कारण असं कापड अंगावरून ओघळल्यासारखं पडतं. आपल्याकडचे शिंपी घेरदार अंब्रेला स्कर्ट शिवतात तेव्हा खालची दुमड लगेच मारत नाहीत. स्कर्ट एक-दोन दिवस टांगून ठेवतात, उरेब भाग जितका उतरायचा तितका उतरू देतात आणि मगच कड सारखी करतात. स्कर्टची कड अशी नंतर कापता येते, पण वॉल हँगिंगच्या मधोमध बसवलेला उरेब तुकडा उतरला तर तिथे कात्री चालवता येत नाही.

किनार नसलेला तुकडा

किनार हातात असेल तर शोधायचं काही नाही, ती ताण्याला समांतर असते. एक मात्र करा, किनारीची घट्ट विणलेली अर्धा इंच पट्टी कापून टाका. ती बाकीच्या कापडापेक्षा वेगळी आटते आणि शिवलेली कड आवळून धरते.

अडचण येते ती शिंप्याकडून आणलेल्या चिंध्या आणि जुन्या कपड्यांत. तुकडा दोन्ही हातांत चार-सहा इंचांवर धरून हलक्या हाताने ओढा, मग फिरवून दुसऱ्या दिशेने ओढा. जिकडे कमी ताणतो ती उभी दिशा. फरक जाणवत नसेल तर झटका देऊन आवाज ऐका. उभ्या दिशेला तो टणक येतो आणि आडव्या दिशेला बसका. तरीही शंका राहिली तर कडेचे दोन धागे सुईने मोकळे करून पाहा. नागमोडी, मऊ, कमी पिळाचा असेल तो बहुधा बाणा. खादीत आणि हातमागात ही परीक्षा दोनतीनदा करावी लागते, कारण तिथे सूतच कमीजास्त जाडीचं असतं आणि हाताला चकवतं.

नवीन मांजरपाट किंवा पॉपलिन सरळ धाग्यात हवं असेल तर कापण्यापेक्षा फाडलेलं बरं. छोटी चीर देऊन फाडलं की कड आपोआप धाग्याला धरून येते. अर्धा इंच कड कुरतडल्यासारखी होते, ती धरूनच माप घ्यायचं. जुन्या साडीवर हा प्रयोग करू नका, विरलेलं सूत कुठेही फाटतं.

फाडल्यावर आणखी एक गोष्ट उघडी पडते. किनारीला किनार जुळवून कापड दुमडा. फाडलेल्या दोन कडा एकमेकींवर बसल्या नाहीत तर गिरणीतच धागा तिरका झालेला आहे. कापड ओलसर करून ज्या कोपऱ्यांकडे कमी पडतंय त्या दोन समोरासमोरच्या कोपऱ्यांना कर्णाने ओढायचं, मग सपाट वाळवून इस्त्री करायची. चुरगळू नये म्हणून रासायनिक फिनिश दिलेलं कापड यालाही दाद देत नाही. ते छोट्या तुकड्यांसाठी ठेवा.

हाताने छापलेल्या कापडात, म्हणजे बगरू किंवा अजरखमध्ये, ठशांची रांग आणि धाग्यांची रांग नेहमी समांतर असेलच असं नाही. मग कोणाचं ऐकायचं? डोळ्याला छपाई दिसते, वजनाला फक्त धागा कळतो. चार इंचांच्या तुकड्यात मी छपाईचं ऐकते, बाजूच्या लांब पट्टीत धाग्याचं. दोन्ही एकदम सांभाळायचं असेल तर पट्टीसाठी ते कापड घ्यायचंच नाही.

कापड आधी पाण्यातून काढायचं की नाही, यावर दोन तट आहेत. टांगायच्या कामासाठी माझं उत्तर स्पष्ट आहे: काढायचं. सुती कापड सहसा लांबीत जास्त आटतं, कारण विणताना आणि नंतरच्या प्रक्रियेत ते लांबीतच ताणलेलं असतं. तुकडे वेगवेगळ्या दिशांनी लावले असतील तर पुढे कधी पाणी लागलं की प्रत्येक तुकडा आपापल्या दिशेने आवळतो. मधला कापसाचा थरही साधारण ३ ते ५ टक्के आटतो. तेव्हा जे काही आटायचं ते शिवण्यापूर्वीच आटलेलं बरं.

वजनाची वाट

भिंतीत काठी, काठी नेफ्यात, नेफा अस्तराला शिवलेला, अस्तर टाक्यांनी वरच्या कापडाला धरलेलं. वजन याच साखळीने वर जातं. म्हणजे जे अस्तर कोणी पाहत नाही, तेच सगळं ओझं वाहतं. आणि ओझं सगळीकडे सारखं नसतं. वरच्या कडेवर संपूर्ण पाऊण किलो येतो, मध्यावर त्याच्या खालचं अर्धं, तळाशी जवळपास काहीच नाही. उरेब कडांचे नाजूक तुकडे खालच्या तिसऱ्या भागात बसवले तर बिघडण्याची शक्यता कमी आणि तेच अगदी वरच्या ओळीत लावले तर जास्त. डिझाइन उलटसुलट करता येण्यासारखं असेल तर एवढ्याचा विचार जरूर करावा.

अस्तर एकसंध घ्या आणि त्याचा उभा धागा भिंतीवरही उभाच ठेवा. यात तडजोड नाही. चव्वेचाळीस इंच पन्ह्याच्या कापडात बहुतेक घरगुती हँगिंग बसतात. जास्त रुंद असेल तर दोन पाट जोडा, पण जोड उभा येऊ द्या. उभा जोड वजनाच्या दिशेलाच असतो, उलट त्याने थोडा आधारच मिळतो. आडव्या जोडावर मात्र खालचा सगळा भार टिपेला लटकतो. सोफ्याच्या वर लावतात तशी पाच फूट रुंद आणि जेमतेम दोन फूट उंच पट्टी असेल, तर मी जोड टाळण्यासाठी अस्तर आडवं लावते. दोन फुटांत लोंबणार तरी किती?

बाजूच्या उभ्या पट्ट्या हा दुसरा कडक नियम. कापड वाचवायला पट्ट्या पन्ह्यातून आडव्या कापायच्या आणि टोकाला टोक जोडून लांब करायच्या, ही सवय बहुतेकांना असते. त्यात पट्टीच्या लांबीत बाणा येतो, ती मशीनखाली थोडी थोडी ताणत जाते आणि शिवून झाल्यावर मधल्या भागापेक्षा पाव-अर्धा इंच लांब भरते. लाटा येतात त्या तिथूनच. दीड मीटरच्या हँगिंगला दीड मीटर कापड घेऊन पट्ट्या किनारीला समांतर कापा. उरलेलं कापड लांबच लांब तुकड्यात हाती राहतं, ते अस्तराला किंवा नेफ्याला जातं. पट्टीचं माप हँगिंगच्या कडेवरून घेऊ नका, कड आधीच ताणलेली असू शकते. मधोमध माप घ्या, डावी-उजवीकडेही एकदा पडताळा आणि त्या मापाच्या पट्टीत कड बसवा.

वरची आणि खालची पट्टीही लांबीत ताण्याची असावी, म्हणजे रुंदी पक्की राहते. तिच्या उंचीत बाणा आला तरी तीन-चार इंचांत काही फरक पडत नाही.

कडेची गोट-पट्टी उरेब असावी असं अंथरुणाच्या गोधड्यांबाबत सांगतात आणि त्याला कारण आहे. सरळ कापलेल्या पट्टीत घडीवर तोच एक धागा सतत घासला जातो, उरेब पट्टीत ती झीज अनेक धाग्यांत वाटली जाते. भिंतीवरच्या कामाला घासणार कोण? तिथे सरळ पट्टीच बरी, कारण तीही कडेला ताठ धरते. कड गोल किंवा कंगोऱ्याची असेल तरच उरेब.

नेफ्यासाठी दिशा फारशी महत्त्वाची नाही, फक्त उरेब नको. तो वरच्या कडेच्या पूर्ण रुंदीत असावा, हे जास्त महत्त्वाचं. दोन कोपऱ्यांत दोन लूप लावले तर मधला भाग खाली येणारच, मग धाग्याची दिशा कितीही चोख असो.

तिरपे चौकोन, म्हणजे खरी परीक्षा

चौकोनी ठोकळे, म्हणजे तुकडे जोडून केलेले चौकोन, कोपऱ्यावर उभे करून शंकरपाळ्याच्या आकारात मांडले की डिझाइन खुलतं, पण दोन गोष्टी बदलतात. एक म्हणजे प्रत्येक ठोकळ्याचा कर्ण आता वजनाच्या दिशेला येतो. त्याला उपाय अस्तर आणि दाट टाके, त्याबद्दल पुढे बोलू. दुसरी म्हणजे कडेने त्रिकोणी खाचा उरतात. त्या भरायचे त्रिकोण चुकीचे कापले की हँगिंगची संपूर्ण बाहेरची कड उरेब होते. इथे फार जणांची फसगत होते, म्हणून जरा सविस्तर.

चौकोन एका कर्णावर कापला तर दोन त्रिकोण मिळतात. त्यांच्या दोन आखूड बाजू सरळ धाग्यात आणि लांब बाजू उरेब. चौकोन दोन्ही कर्णांवर कापला तर चार त्रिकोण मिळतात आणि त्यांची लांब बाजू सरळ धाग्यात, आखूड दोन्ही उरेब. हँगिंगच्या बाजूंना त्रिकोणाची लांब बाजू बाहेर येते, तेव्हा तिथे चौकोनाचे चार करून मिळालेले त्रिकोण हवेत. चार कोपऱ्यांत आखूड बाजू बाहेर येतात, तिथे चौकोनाचे दोन करून मिळालेले.

माप असं काढायचं. शिवून झाल्यावर ठोकळा ८ इंच भरणार असेल तर त्याचा कर्ण ८ गुणिले १.४१४, म्हणजे ११.३१ इंच. बाजूच्या त्रिकोणांसाठी त्यात सव्वा इंच मिळवा: १२.५६. सोयीसाठी साडेबारा इंचांवर एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, धरून चौकोन कापा आणि त्याचे चार करा. कोपऱ्यांसाठी कर्णाचा निम्मा, ५.६६, त्यात पाऊण इंच आणि वर एक सूत, म्हणजे ०.८७५ मिळवा: ६.५३. म्हणजे साडेसहावर एक सूत धरून दोन चौकोन कापा आणि प्रत्येकाचे दोन करा. पाव इंच माया या आकड्यांत धरलेली आहे.

आखूड उरेब बाजू शिवताना कापडाला ओढू नका आणि इस्त्री घासू नका, वरून दाबून उचला. कापण्यापूर्वीच कापडाला चांगली कडक खळ दिली तर उरेब कडाही निमूट वागतात. शिवून झालं की खळ धुऊन काढा, ती तशीच राहिली तर झुरळं आणि कसर आलीच.

साडीचा काठ, खणाचा काठ

महाराष्ट्रात असं काम हातात घेणाऱ्यांपैकी बऱ्याच जणी नव्या कापडापेक्षा आईची सुती नऊवारी, इरकल किंवा खणाचं कापड काढतात. इथे दिशेचा प्रश्न जास्त रंगतदार होतो.

साडीच्या लांबीत ताणा असतो आणि काठ त्याला समांतर जातो. नेसल्यावर मात्र हा ताणा कमरेभोवती आडवा फिरतो, म्हणजे निऱ्यांमध्ये वरून खाली उतरतो तो बाणा. पदराचं उलट. खांद्यावरून पाठीवर पडलेल्या पदरात ताणा उभा असतो आणि दोन्ही बाजूंना काठ. तेव्हा पदर जसा पाठीवर पडतो तसाच भिंतीवर लावला तर दिशा आपोआप बरोबर येते. काठ कापून काढले असतील तर ते हँगिंगच्या डाव्या-उजव्या बाजूला उभे लावा. सगळ्यात ताठ, सगळ्यात कमी ताणणारी पट्टी आयती मिळते.

गोम अशी की आपल्याला काठ खाली हवा असतो, तोरणासारखा किंवा साडीच्या घेरासारखा. तसा लावला की काठाचा ताणा आडवा होतो. चालतं, कारण खालच्या भागावर भार नसतो. वरच्या बाजूला आडवा काठ लावायचा असेल तर मागे मांजरपाटाची पट्टी उभ्या धाग्यात ठेवून दोन्ही एकत्र शिवा. जरीच्या काठाचं आणखी एक दुखणं असतं. जर ताणत नाही आणि शेजारचं मऊ सूत ताणतं, म्हणून दोघांच्या जोडावर बारीक सुरकुत्या धरतात. तिथे टाके जवळजवळ घाला.

पारंपरिक खणात ताणा रेशमाचा आणि बाणा सुताचा असतो. दोन दिशांना दोन वेगळी सुतं असल्याने खण उभा आणि आडवा अगदी वेगळा वागतो, आटतोही वेगळा. एकाच चौकोनात खणाचे चार तुकडे चार दिशांनी फिरवले तर चमक सुंदर खेळते, पण पाणी लागलं की चारही आपापलं बघतात. बाजारातला बराच खण आता पॉलिस्टरचा आहे, त्याला हा त्रास कमी. मात्र इस्त्री सांभाळून.

इरकलीच्या पदराबाबत एक गोष्ट ध्यानात ठेवा. अंगाचा ताणा आणि पदराचा ताणा वेगळा असतो, विणताना दोन्ही फासांनी एकमेकांत अडकवलेले असतात. अंग आणि पदर एकत्र दिसेल असा तुकडा टांगला तर तो जोड आडवा येतो आणि जुन्या साडीत तीच जागा आधी कमकुवत होते. मागून बारीक सुती पट्टी देऊन जोडाच्या वर-खाली दोन ओळी धावदोरा घाला.

पैठणी कापू नका एवढंच म्हणेन. फाटलेली असेल तरी शाबूत पदर अखंड, अस्तरावर हातटाक्याने बसवा.

ठिगळं कशीही, तरी गोधडी सपाट का राहते?

जुन्या गोधड्या पाहिल्या की वरचं सगळं सांगणं खोटं वाटावं. ठिगळं हाताला येतील तशी लावलेली, धागा कोणी पाहिलेला नाही, तरी गोधडी पन्नास वर्षं सपाट. कर्नाटकातल्या सिद्दी समाजाच्या बायका कवंदी नावाची गोधडी शिवतात, तिच्यातही तुकडे मनाला येईल तसे बसतात.

उत्तर तळाशी आहे. गोधडीत खाली अखंड साडी असते आणि तिच्यावर सगळं काम उभं राहतं. शिवाय धावदोऱ्याच्या ओळी कडेकडून आत, एकात एक चौकटी करत जातात, बोटभर अंतर राखून. प्रत्येक ठिगळ उभ्या आणि आडव्या दोन्ही ओळींत अडकतं. उरेब तुकड्याला कोन बदलायला जागाच उरत नाही. म्हणून पाया एकसंध आणि सरळ असेल, टाके दाट असतील, तर वरचे तुकडे स्वैर चालतात.

आपल्या कामात हेच दोन मार्गांनी आणता येतं. नाजूक किंवा वेड्यावाकड्या तुकड्यांचा ठोकळा मांजरपाटाच्या चौकोनावर शिवायचा, म्हणजे ताकद मांजरपाटाची आणि रंग तुकड्यांचे. दुसरं म्हणजे टाक्यांची दिशा ठरवायची. उभ्या ओळी वजनाला थेट साथ देतात. नुसत्या आडव्या ओळींचा लोंबण्यावर फारसा उपयोग नाही. तिरप्या चौकटी घालायच्या असतील तर आधी चार-पाच उभ्या ओळी मारून थर जागेवर बांधा, कारण उरेब दिशेने शिवताना मशीनचा पायच कापड पुढे ढकलतो. आणि दाटपणा सगळीकडे सारखा ठेवा. मध्यभागी गच्च टाके आणि कडेला विरळ, असं झालं की मधलं आवळतं आणि कडा सैल पडून हलतात.

वर पानं-फुलं कापून लावायची असतील तर त्यांचा धागा खालच्या कापडाच्या धाग्याशी जुळवला की चुण्या पडत नाहीत. गोंदपेपर लावून चिकटवणार असाल तर विसरा, तिथे धागा आधीच बांधलेला असतो.

लोंबलीच असेल तर

आधी लक्षण पाहा. मधे पोट सुटलंय आणि बाजू ताठ आहेत, म्हणजे मधले तुकडे उतरले, पट्ट्या नाही. बाजू लाटांसारख्या हलतात आणि मध्य सपाट आहे, म्हणजे पट्ट्या लांब झाल्या. सगळी हँगिंग एका बाजूला कलती असेल तर अस्तराचा धागा तिरका कापला गेला होता.

न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाने १९७१ मध्ये जुन्या अमेरिकी गोधड्या चित्रांसारख्या भिंतीवर लावल्या तेव्हापासून अंथरुणासाठी शिवलेलं काम टांगण्याची रीत रुजली. पण संग्रहालयं असं कापड ठरावीक काळ टांगून मग काढून ठेवतात, उजेड आणि ओढ दोन्हींपासून सुटका म्हणून. घरी तेवढं नाही जमत, तरी पावसाळ्यात उतरवून सपाट ठेवणं जमतं. कापूस ६५ टक्के आर्द्रतेतही कोरड्या वजनाच्या सुमारे साडेआठ टक्के ओलावा धरतो. कोकणात आषाढ-श्रावणात आर्द्रता याहून कितीतरी वर असते. हँगिंग जड होते, धागे फुगतात, पुन्हा सुकताना सरकून नव्या जागी बसतात, आणि उरेब भागाला हेच हवं असतं.

लोंबलेली हँगिंग सरळ करायची तर आधी रंग जात नाही याची कोपऱ्यात ओल्या पांढऱ्या फडक्याने खात्री करून घ्या. मग हँगिंग भिजवून जुन्या चादरीवर सपाट पसरा, मोजपट्टीने चारही बाजू आणि दोन्ही कर्ण सारखे येईपर्यंत हाताने बसवा आणि टाचण्या लावून पंख्याखाली पूर्ण वाळू द्या. पोट बऱ्यापैकी आत जातं. पट्ट्या लांब झाल्या असतील तर मात्र त्या उसवून पुन्हा मापात लावण्यावाचून इलाज नाही.

नवीन शिवत असाल तर टाके पूर्ण झाल्यावर, गोट लावण्याआधी, ती वरच्या कडेने दोन-तीन दिवस टांगून ठेवा आणि मगच कडा काटकोनात कापा. खालच्या कडेत सरळ राहावी म्हणून काठी घालण्याची पद्धत आहे. ती घालायचीच असेल तर हलकी लाकडी पट्टी घाला. पडद्याचा लोखंडी रॉड घातला तर खालची कड छान सरळ दिसते खरी, पण तळाशी जिथे मुळीच ओढ नव्हती तिथेही ती सुरू होते आणि वरच्या ओळीतल्या तुकड्यांवर रॉडचं सगळं वजन अधिकचं पडतं.